आधी स्लाइड बघ, मग सही कर

अरे भो, तुझा मेसेज वाचला. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी झालं, आता जळगावला लॅबमधे बसू का डिस्टिलरीतली शिफ्टची नोकरी धरू का पुण्याला कोडिंगचा क्लास लावू, सगळं एका दमात. पगाराचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी एकच विचारतो, मायक्रोस्कोपखाली स्लाइड स्वतः शेवटची कधी बघितलीस? मित्राच्या जर्नलमधून उतरवलेली धरू नको.

मळीत पाणी घाला, यीस्ट सोडा, झालं दारूकाम, असं पोरांना वाटतं. यीस्टला ३०-३२ डिग्री मानवते आणि आपलं भुसावळ मे महिन्यात ४५ ला टेकतं, कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट येतं, टाकी ३६-३७ वर गेली की यीस्ट दमतं आणि लॅक्टोबॅसिलसची, म्हणजे आंबट करणाऱ्या जंतूची, चंगळ होते. साखर तो खातो, वॉश, म्हणजे टाकीत आंबत असलेली पातळ मळी, आंबट होतो, अल्कोहोल कमी पडतं. पॅनेलवर हे कळेस्तोवर बॅच गेलेली असते. स्लाइडवर आधी दिसतं. एक थेंब वॉश, एक थेंब मिथिलीन ब्लू, चाळीसची लेन्स. जिवंत पेशी बिनरंगी, मेलेली निळी, आणि मधेमधे बारीक काड्या दिसल्या, म्हणजे तोच जंतू, तर प्रीफर्मेंटर, म्हणजे यीस्ट वाढवायची छोटी टाकी, पुढे सोडू नको, कोणी कितीही फोन करो.

मला सायेब म्हणाले होते, रिपोर्ट ओके आहे ना, मग सही करायला काय जातं? मी बघितलं नव्हतं, नाही केली. प्रमोशन दुसऱ्याला गेलं. घरचे अजून हट्टी म्हणतात. असेन. पण तो रिपोर्ट आदल्या शिफ्टचा होता, आणि रात्रभरात टाकीत काय होतं हे खुर्चीत बसून कळत नाही रे! वाईट याचं वाटतं की मी शिकवलेली पोरंही आता एक्सेल बघून सही मारतात.

पेनिसिलिनची आज कारखान्यांत वाढवतात ती बुरशी बहुतेक १९४३ साली अमेरिकेत पिओरियाला सापडलेल्या एका बुरसटलेल्या खरबुजाच्या वंशातली. तापीकाठी खरबुजं काय कमी सडतात? कोणीतरी फेकायच्या आधी बघितलं, एवढंच.

कोडिंगला जायचं तर जा बाबा, मी आडवा येत नाही. पण डिस्टिलरीच्या इंटरव्ह्यूला गेलास तर पगाराच्या आधी विचार, रात्रपाळीला लॅबचं कुलूप उघडं असतं का. "सकाळी केमिस्ट बघतो" म्हणाले तर चहा पिऊन परत ये.