जर्मन लष्करी सुऱ्यांचा 5,800 युरोंचा लॉट घ्यावा का?

प्रश्न: वय 38, ड्युसेलडॉर्फला नोकरी करतो. पत्नी सध्या घरी असते, मुलगी लहान आहे. शेजारचे आजोबा वारले आणि त्यांची मुलं त्यांचा संग्रह विकायला काढत आहेत: हिटलर यूथच्या (नाझी पक्षाच्या युवक संघटनेच्या) पाच सुऱ्या, पहिल्या महायुद्धातले तीन खंदक-चाकू आणि चार संगिनी (बंदुकीच्या नळीला लावायची पाती). सगळ्याचे मिळून 5,800 युरो मागतात. डीलरांच्या साइटवर अशाच वस्तूंची बेरीज 8,400 होते. माझी शिल्लक 9,000 युरो, महिन्याचा खर्च 2,900. तीन वर्षांनी पुण्याला परतायचं आहे. घ्यावं का?

उत्तर: लॉट घेऊ नका. एखाद-दुसरी वस्तू आवडीपोटी घ्यायची असेल तर तिचा विचार वेगळा करू, पण आधी हिशेब.

आज तुमच्याकडे तीन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आहे आणि कमावणारे तुम्ही एकटे. लॉट घेतला की 3,200 युरो उरतात, म्हणजे जेमतेम पाच आठवडे. इतकं कारण खरं तर पुरेसं आहे.

आता 8,400 चा आकडा. ही डीलरने मागितलेली किंमत आहे, तुमच्या हातात पडणारी नव्हे. लिलावात अशा वस्तू त्या किमतीच्या 65 टक्क्यांना गेल्या असं धरू, तर बोली 5,460 वर थांबेल. लिलावघराने विकणाऱ्याकडून 18 टक्के कापले की तुम्हाला मिळतात 4,477 युरो. म्हणजे 1,300 हून जास्त तोटा, तोही सगळ्या वस्तू अस्सल निघाल्या तर. मुद्दल सुटायला बोलींची बेरीज 7,070 च्या पुढे जायला हवी. दर प्रत्येक लिलावघराचे वेगळे असतात, तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर बोली थांबलेल्या किमती बघा आणि हाच हिशेब स्वतः मांडा. मागितलेल्या किमती बघून काही कळत नाही.

शिवाय विकायचं कुठे, हा प्रश्न आहेच. जर्मन दंडसंहितेच्या 86अ कलमाखाली नाझी चिन्हांचा प्रसार आणि जाहीर वापर गुन्हा आहे. शिक्षा दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. इतिहास, संशोधन, शिक्षण यांना सूट आहे, तरी लिलावघरं चिन्ह झाकून फोटो छापतात. नुसतं घरात ठेवणं गुन्हा नाही, पण प्रसारासाठी साठा करणं याच कलमात येतं. हिटलर यूथच्या सुरीवरचा मुठीतला स्वस्तिकाचा चौकोन आणि पात्यावरची ‘ब्लूट उंड एरं’ ही घोषणा, दोन्ही त्यात मोडतात. दारावर स्वस्तिक काढणाऱ्या आपल्या माणसाला ‘बघा काय मिळालं’ म्हणून फोटो टाकताना हे सुचत नाही. पोलिसांत नोंद झाली तर निवास परवाना आणि नागरिकत्वाच्या अर्जालाही अडचण येऊ शकते. थोडक्यात, या पाच सुऱ्यांसाठी गिऱ्हाईक मोजकं आणि विकण्याची जागाही मोजकीच.

आणि नकली माल याच पाचांत सर्वांत जास्त. ही सुरी 1933 मध्ये आली. सुरुवातीच्या सुऱ्यांवर झोलिंगेन या सुऱ्या-पात्यांच्या शहरातल्या कारखान्याचा स्वतःचा शिक्का असतो, पुढे नाझी पक्षाच्या पुरवठा कार्यालयाचा ‘आरझेडएम’ शिक्का आणि एम7 ने सुरू होणारा कारखान्याचा आकडा; एम7 पुढे 66 असेल तर कारखाना कार्ल आयकहॉर्नचा. घोषणा 1938 मध्ये बंद झाली. घोषणा असलेली सुरी महाग जाते, म्हणून साध्या पात्यावर ती मागाहून उमटवतात. पात्यावर 1940 आणि घोषणा दोन्ही दिसले तर संशय घ्याच. मूळ अक्षरं आम्लाने खाल्लेली, उथळ असतात आणि वापराने पात्यासोबत झिजतात; झिजलेल्या पात्यावर कोरीकरकरीत खोल अक्षरं आढळली की समजून जावं. दुसरी चलाखी अशी: युद्धानंतर अशाच घडणीच्या सुऱ्या स्काउटांसाठी निघाल्या, मुठीत लिलीचं चिन्ह घेऊन. ती लिली काढून तिथे स्वस्तिकाचा चौकोन बसवतात. भिंगाने चौकोनाच्या कडा बघा: खोबणीभोवती ओरखडे, गोंदाची चमक किंवा बाजूपेक्षा वेगळा मळ दिसला की ती सुरी बाजूला ठेवा. म्यानाच्या चामडी पट्ट्याची शिवण अतिनील टॉर्चखाली निळसर पांढरी चमकली, तर तो दोरा बहुधा युद्धानंतरचा.

संगिनींचं प्रकरण सोपं आहे, आणि मला विचाराल तर या लॉटमध्ये जीव आहे तो इथेच. कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळातल्या 98/05 नमुन्याच्या संगिनीच्या पात्याच्या पाठीवर मुकुट, ‘डब्ल्यू’ आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. संगीन आणि म्यान दोन्हींवर क्रमांक असतील तर ते जुळतात का बघा. जुळत नसतील तर जोडी मागाहून लावलेली, भाव कमी. पात्याला धार काढलेली, तारेच्या ब्रशने गंज घासलेला, पॉलिश मारलेलं, असं काही असेल तर किंमत आणखी खाली आणा. कैसरच्या काळातल्या वस्तूंवर स्वस्तिक नसल्याने 86अ चा प्रश्नही उरत नाही. मात्र 12 सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याची सुरी किंवा संगीन रस्त्याने उघडी नेता येत नाही. घरी आणताना कुलूपबंद पेटीतच आणा.

कराचं उलट ठीक आहे. वर्षभर ठेवून विकलं तर खासगी विक्रीच्या नफ्यावर कर नाही. वर्षाच्या आत विकलं तर अशा सगळ्या व्यवहारांचा वर्षभरातला नफा 1,000 युरोंखाली असेपर्यंत नाही, तिथे पोचला की पूर्ण नफ्यावर. पण बारा वस्तू ऑनलाइन विकून 2,000 युरोंच्या वर गेलात की प्लॅटफॉर्म तुमची माहिती कर खात्याला कळवतो. पावती जपून ठेवा.

तेव्हा शेजाऱ्यांना विचारा, सुटं देणार का. देत असतील तर 700 युरोंची मर्यादा घालून क्रमांक जुळणारी एक संगीन आणि फार तर एक खंदक-चाकू घ्या. हे पैसे शिलकीतून नकोत, पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या बचतीतून काढा. खरेदीच्या कागदावर ‘98/05 संगीन, अस्सल, म्यान व क्रमांक जुळणारे’ असं लिहून घ्या. खाली ‘हमी नाही’ असं सरसकट वाक्य असलं तरी लिहून दिलेल्या गुणाची जबाबदारी विक्रेत्यावर राहते. सुटं देत नसतील तर नमस्कार करून बाहेर पडा.

घरविम्यात फर्निचर सोडून 100 वर्षांवरच्या जुन्या वस्तू बहुधा मौल्यवान गटात जातात आणि त्या गटाला भरपाईची मर्यादा असते, ती पॉलिसीत बघून घ्या. चामड्याच्या म्यानात पातं ठेवू नका, चामड्यातल्या आम्लाने त्याला खड्डे पडतात. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देऊन कोरड्या कपाटात वेगळं ठेवा.

पुण्याचं म्हणाल तर संगीन आणि खंजीर आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत नावानिशी आहेत. बाळगायला परवाना लागतो की नाही हे त्या भागासाठी अधिसूचना आहे का यावर ठरतं, आणि आयातीचा प्रश्न निराळा. सामान बांधण्याच्या घाईत बारा शस्त्रं विकायला काढणाऱ्याला कुणी भाव देत नाही; एक संगीन असेल तर निघायच्या सहा महिने आधीच लिलावघराकडे देऊन टाका.