डबा उघडला की रडणं सुरू

प्रश्न: ताई, मी प्रतापनगरकडच्या पाळणाघरात आहे, सकाळी 8 ते 5, पोट्टे 14 अन् आम्ही दोघीच, डबा उघडला की कोणीतरी रडतंच. मॅडम म्हणतात पोरं झोपली की खा, तोच ब्रेक. बरोबर आहे का हे?

उत्तर: नाही गं. झोपलेल्या पोरांवर नजर ठेवणं ही ड्युटीच झाली! 2017 चा दुकाने-आस्थापना कायदा आला तेव्हा सलग 5 तासांनंतर अर्धा तास सुट्टी त्यात लिहिली होती, लहान पाळणाघराला ते लागू नसलं तरी मॅडमला दाखवायला बरंय. पण दोघी एकदम उठू नका, एकीने 1 ला जेवायचं, दुसरीने दीडला, तेवढा वेळ मॅडमनी हॉलमध्ये बसावं. (मे महिन्यात कूलरमध्ये पाणीही तुम्हीच भरत असाल ना?)