दावणीला मैना नव्हती, मी विचारलं नाही

प्रश्न :

ताई, नमस्कार.

मी सोळा वर्षांची आहे. लातूरला अकरावी सायन्सला आहे, नीटची तयारी करते. गाव औसा तालुक्यात, तेरणेच्या काठी. तुमच्या सदरात बहुतेक मोठ्या माणसांची पत्रं असतात. तरी लिहिते आहे, कारण हे रूमवरच्या मुलींना सांगता येत नाही आणि घरी तर नाहीच नाही.

गेलं वर्ष माझ्यासाठी मे महिन्यात सुरू झालं. १३ मेला दहावीचा निकाल लागला, मला ९३.४० टक्के पडले. पप्पांनी त्याच दिवशी लातूरचं नक्की केलं. पहिल्यांदाच अख्ख्या राज्याचे अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होते, त्यामुळे याद्यांची वाट बघता बघता कॉलेज सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. क्लास मात्र जूनमध्येच सुरू झाला होता. कॉलेज कुठलं ते ठरलेलं नाही आणि मी फिजिक्सचे वेक्टर सोडवत होते.

रूमवर आम्ही चौघी. माझी कॉट खिडकीजवळ. पुस्तकं पेटीत, पेटी कॉटखाली. सकाळी साडेपाचला नळाला पाणी येतं, तेव्हा जिचा नंबर असेल तिनं उठून बादल्या भरायच्या. मेसचा डबा दुपारी आणि रात्री. पहिले पंधरा दिवस डब्याचं झाकण उघडलं की मला रडू यायचं. भाजी वाईट नसायची, पण तिला आमच्या घरच्या येसराचा, म्हणजे घरी कुटलेल्या मसाल्याचा वास नसायचा. दर रविवारी सकाळी ७२० मार्कांची टेस्ट. संध्याकाळी रँक पालकांच्या ग्रुपवर पडते. पप्पांना विषय कळत नाहीत, पण रँक ते नीट बघतात. टेस्ट झाली की आम्ही गंजगोलाईत जातो. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात. पहिल्यांदा मी एकटी गेले तेव्हा ज्या रस्त्यानं आत शिरले तो मला परत सापडेना, अंबाबाईच्या देवळाला दोन चकरा मारल्या. आता डोळे झाकून येईन. तुम्हाला सांगते ताई, मला लातूर आवडायला लागलं आहे. अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसायला आवडतं. बायोलॉजी तर फार आवडते.

फोन रात्री आठ ते साडेआठ. मम्मीचं ठरलेलं, "जेवलीस का? अभ्यास करूलालीस का?" माझंही ठरलेलं, "हो."

२२ सप्टेंबरला घट बसले. त्या दिवसांत पाऊस थांबायचं नाव घेईना आणि तेरणा पात्र सोडून रानात शिरली. आमचं रान दोन एकर, त्यातलं एक नदीकडं. पप्पा बाकीच्या वेळी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. तीन दिवस घरी फोन लागला नाही. आता जे लिहिते आहे त्याची मला लाज वाटते. त्या तीन दिवसांत माझा वर्षातला सगळ्यात चांगला अभ्यास झाला. फोनचा अर्धा तास वाचला आणि फोन ठेवल्यावर घरची आठवण काढत बसायचे तो वेळही वाचला. २८ तारखेच्या टेस्टला ५१२ पडले. त्याआधी मी साडेचारशेच्या वर कधी गेले नव्हते. त्याच रात्री फोन लागला. पप्पा म्हणाले, "इकडं काय नाही. जरा पाणी आलतं, गेलं. किती पडले?" मी सांगितलं. त्यांनी तिकडं ओरडून आजीला सांगितलं, पाचशे बारा! आजी हसलेली मला ऐकू आली.

दिवाळीत चार दिवस घरी गेले तेव्हा नदीकडचं रान बघितलं. वरची माती खरडून गेली होती, खालचा मुरूम दिसत होता. वरच्या एकरातलं सोयाबीन वाचलं असं वाटलं होतं, पण त्याच्याही शेंगांत कोंब फुटले होते. घटाला कोंब आले की आजी ते केसात माळायला देते. हे कोंब बघून ती काहीच बोलली नाही. काढणी करून बनीम, म्हणजे ढीग लावला, वर ताडपत्री टाकली, तरी मळणीला दाणा काळाच निघाला. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आमचा माल आडतीवर २,९०० ला गेला. हे मला भावानं सांगितलं. तो सातवीत आहे. पप्पा म्हणाले होते, "भाव बरा लागला."

आमचं घर भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं आहे. ज्याची जेवढी जमीन त्या हिशेबानं तेव्हा घरं दिली, २५०, ४०० आणि ७५० स्क्वेअर फुटांची. आजोबांना अडीचशेचं मिळालं. पुढं पत्रे टाकून आम्ही ते वाढवलं. एवढ्या घरात खरं तर काही लपत नाही, तरी माझ्यापासून लपवतात.

आता मुख्य गोष्ट. १९ डिसेंबरला येळवस होती, म्हणजे वेळा अमावस्या, रानात पूजा करून तिथंच जेवायचा सण. आमच्याकडं येळवशीला घरी कुणी थांबत नाही. मी सकाळच्या एसटीनं आले आणि फाट्यावरून सरळ रानात गेले. कडब्याची कोप, म्हणजे खोपी केली होती, आत पूजेला मांडलेल्या पाच पांडवांच्या दगडांना चुना लावला होता. मम्मी पहाटे तीनपासून उठून भज्जी, उंडे, खीर करत होती. आंबिलाचं मडकं पप्पांनी डोक्यावर आणलं. वरच्या एकरात उशिरा पेरलेला हरभरा वीतभरसुद्धा नव्हता, तरी पप्पांनी त्याच्याभोवती आंबील शिंपडत नेहमीसारखी फेरी मारली, "ओलगे ओलगे सालम पोलगे." भाऊ मागून ओरडत होता. मग जेवायला बसलो आणि आंबिलाचा पहिला घोट घेतला तो मला वेगळा लागला. आमच्या आंबिलाला मैनाचं ताक असतं. आठ दिवस आधीपासून मम्मी ते साठवते. हे ताक आमचं नव्हतं.

मैना आमची गाय. देवणी जातीची, त्यातली वानेरा. अंग पांढरं आणि तोंड काळं. मी सहावीत असताना ती कालवड होती, शाळेतून आले की मीच तिला पाणी दाखवायचे.

संध्याकाळी घरी आलो. दावण रिकामी होती, तिच्यात पाटी उपडी घातली होती. मी बघत होते आणि मम्मी माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "मम्मी, चहा ठेव ना." तिनं चहा ठेवला. रात्री भावानं पांघरुणातून सांगितलं, मैना नोव्हेंबरात गेली, ३८ हजाराला. ताईला सांगायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय. माझ्या क्लासचा दुसरा हप्ता ४० हजारांचा होता, २४ नोव्हेंबरला भरला. पावती मीच खिडकीवर सही करून घेतली होती.

ताई, मला कळलंय हे मी घरी सांगू का? की ते लपवतात तसं मीही लपवू? तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे, तेव्हा क्लास सोडून तालुक्याच्या कॉलेजात येऊ का? आणि परवा रूमवर सगळ्या जणी वर्ष कसं गेलं ते सांगत होत्या, माझी पाळी आली तेव्हा मला बोलता येईना. माझं वर्ष चांगलं गेलं, घरचं वाईट गेलं, आणि तारखा त्याच आहेत.

एक वाचक, औसा तालुका

उत्तर :

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आंबिलाच्या घोटापाशी थांबले. एका घोटात तुला जे कळलं ते तुझ्या मम्मीलाही माहीत होतं. ताक दुसरीकडून आणताना तिच्या मनात आलंच असेल की ही ओळखणार. तू चहा ठेव म्हणालीस तेव्हा तुम्हा दोघींनाही सगळं माहीत होतं, असं मला वाटतं.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर : सांग. फोनवर सांगू नकोस. अर्ध्या तासात ते मावणार नाही, आणि नंतर रात्रभर तू तिकडं, ते इकडं. घरी जाऊन सांग. भावाचं नाव मध्ये आणू नकोस. दावण तू स्वतः बघितली आहेस, तेवढं पुरे.

मी हे इतक्या ठामपणे का म्हणते ते सांगते. १९९३ साली मी बारावीला होते, लातूरला वसतिगृहात. माझं गाव तेव्हाच्या उमरगा तालुक्यात. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा आम्ही मुली अंगणात पळालो आणि वाचलो. गावाकडचं काही कळेना. तिसऱ्या दिवशी मामा आले. म्हणाले, घर पडलं, सगळे बरे आहेत, आजीला लागलंय म्हणून सोलापूरला दवाखान्यात ठेवलंय, तू अभ्यास सोडू नकोस. मी आजीला पत्र लिहिलं, चार पानांचं. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दाखवा असं वर लिहिलं. मामांनी ते घडी करून खिशात ठेवलं. दिवाळीला गेले तेव्हा सगळे पत्र्याच्या शेडमध्ये होते. कोपऱ्यात एक गाठोडं होतं, ते आजीच्या लुगड्यात बांधलेलं होतं. मला कळलं. मी आईला विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही. मला वाटलं, हाच शहाणपणा. पुढं बारावी झाली, डी.एड. झालं, लग्न झालं. आई २०११ ला गेली. ती रात्र तिनं कशी काढली, आजीला कुणी बाहेर काढलं, ते पत्र कुठं गेलं, यातलं काहीही मला माहीत नाही. विचारायला आता कुणी उरलं नाही. तुझी गोष्ट गाईची आहे, माणसाची नाही, हे मी जाणते. पण न विचारायची सवय अशीच एका चहापासून लागते आणि मग ती सुटत नाही.

आता ५१२ चं. त्या तीन दिवसांची लाज तू तीन महिने बाळगते आहेस. फोन लागत असता तर तू काय केलं असतंस? "इकडं काय नाही" हेच ऐकलं असतंस. पाणी तुला अडवता येत नव्हतं, पेपर सोडवता येत होता, तो तू सोडवलास. त्या रात्री तुझ्या घरात हसायला दुसरं काय होतं? आजी हसली ती खरी हसली. रूमवर परत कुणी विचारलं तर माझं चांगलं गेलं आणि घरचं वाईट गेलं, ही दोन वाक्यं पाठोपाठ जशी मला लिहिलीस तशीच सांग.

क्लास सोडायचा की नाही, हे मी इथून सांगणार नाही. तूही एकटीनं ठरवू नकोस. तुझ्या पप्पांनी एकट्यानं ठरवून गाय विकली, तू एकटीनं ठरवून क्लास सोडलास, तर तुम्ही दोघांनी एकमेकांसाठी केलेलं दोघांच्याही अंगावर येईल. आधी पप्पांना हिशेब विचार : किती देणं आहे, पंचनाम्याचे पैसे किती आले, हरभरा किती निघेल, तिसरा हप्ता कशातून भरायचं चाललंय. क्लासच्या ऑफिसात तू स्वतः जा आणि मार्चच्या हप्त्याचे तुकडे पाडून मिळतील का, पूरग्रस्त म्हणून काही सूट मिळेल का, हे विचार. तोंडी विचारून परत येऊ नकोस, लेखी अर्ज दे, सोबत पंचनाम्याची प्रत आणि तुझे टेस्टचे मार्क जोड. ५१२ त्या अर्जातही कामाला येतील. नाही म्हणाले तर तो आकडा घेऊन पप्पांशी बोल. तालुक्याच्या कॉलेजात राहून तयारी करणारी मुलं मी शिक्षिका म्हणून पाहिली आहेत. अवघड जातं, पण होतं. तुला अभ्यासिकेत अकरापर्यंत बसायला आवडतं, बायोलॉजी आवडते, हेही पप्पांना सांग. त्यांना आजवर फक्त रँक कळली आहे.

मम्मीला एवढंच म्हण, यापुढं फोनवर खरं सांगत जा. आणि तूही "हो" च्या पुढं काहीतरी सांग. डब्याच्या वासाचं सांग, गंजगोलाईत चुकलीस ते सांग. तू अर्धं लपवतेस म्हणून तिकडूनही अर्धंच येतं.

आणि मैना कुणी नेली ते पप्पांना विचार. आसपासच्या गावात असेल तर त्यांना म्हण, मला तिला बघायचंय, चला. त्यांच्या मोटारसायकलवर मागं बस. बापाशी असं बोलायला ती जागा बरी असते. तोंडाकडं बघावं लागत नाही आणि रस्ता संपेपर्यंत कुणाला उठून जाता येत नाही.