तारण कृपेनं मिळतं, मग कष्ट कशाला?

तारण, म्हणजे पापापासून सुटका, देवाच्या कृपेनं फुकट मिळत असेल तर ख्रिस्ती माणसानं राबायचं कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. दिवाळीच्या सुमारास पुण्याहून मावळात जाऊन बघा, इंद्रायणी भाताची कापणी चालू असते. पावसात, चिखलात वाकून लावणी केली म्हणून आज विळा चालतोय. पण दाणा भरणं शेतकऱ्याच्या हातात कधीच नव्हतं. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (4:26-29) प्रभू येशू हेच सांगतो: माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळतही नाही. प्रार्थना, क्षमा, शेजाऱ्याची सेवा ही आपली लावणी. (क्षमेची सगळ्यात अवघड, माझा अनुभव.) आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पिकाच्या सणाला लोक तांदूळ, भोपळे, ऊस वेदीपुढे ठेवतात. ती मजुरीची मागणी नसते, उपकारस्तुती असते.