सा म्हणजे पेटीची नेमकी कोणती पट्टी, आणि सूर सात की बारा?

तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे. तुमच्या मुलीच्या गाण्याच्या बाई काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, सा लावायला सांगतात, मोबाईलवरचा धडा पांढरी एकला सा म्हणतो, आणि दोन्ही बरोबरच आहे. सा ही पट्टी नाहीच. ज्या सुरावर गळा ठाण मांडतो तो आपला सा. बाकीचे सगळे त्याच्यापासून किती लांब, यावरून ठरतात.

मी काळी एकमध्ये गातो. म्हणजे माझा रे काळी दोन, ग पांढरी चार, म काळी तीन आणि प काळी चार. तुमच्या मुलीचा जो सा, तोच माझा पंचम!

नावं सातच: षड्ज, ऋषभ, गंधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद. त्यात सा आणि प अचल. रे, ग, ध, नी खाली उतरले की कोमल, म वर चढला की तीव्र. सातात हे पाच मिळवले की बारा. तिच्या वहीत अक्षराखाली आडवी रेघ दिसेल तो कोमल, म च्या डोक्यावर उभी रेघ असेल तो तीव्र. हे एका संध्याकाळी पाठ होतं. कानात उतरायला मात्र वेळ द्यावा लागतो.

त्यासाठी एक नक्की करा. पेटी मिटून ठेवा आणि तानपुरा लावा. मोबाईलवरचा चालेल, पण खरा एकदा तरी ऐकवाच. तारा चार: पहिली पंचमाची, मग जोडीच्या दोन सा च्या, शेवटी खर्ज, म्हणजे खालचा सा. एकदा मी खर्जाच्या तारेखालचा जवारीचा दोरा, म्हणजे नाद खुलवायला घोडीवर घालतात तो, सरकवत बसलो होतो. तार नुसती ठणठणत होती. दोरा केसभर पुढे गेला आणि नाद एकदम उघडला, त्यात वरून स्वच्छ गंधार ऐकू यायला लागला. गंधाराची तार तिथे नसतेच! त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी कितीतरी वेळ तेवढी एकच तार छेडत राहिलो.

पेटीचा शुद्ध ग याच्याशी तंतोतंत जुळत नाही, किंचित चढा लागतो. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर या गंधाराच्या मापाने ग ३०० चा येतो, पेटीवर तो ३०२ च्या थोडा वर जातो. कुठल्याही पट्टीला सा मानता यावं म्हणून पेटीत सप्तकाचे, म्हणजे एका सा पासून वरच्या सा पर्यंतच्या अंतराचे, बारा सारखे भाग केलेले असतात, त्याचा हा परिणाम. म्हणून रोज दहा मिनिटं तरी तिला पेटीशिवाय, नुसत्या तानपुऱ्यावर सूर लावू द्या. आधी फक्त सा, मग सा-प, मग ग.

दरबारी रागातला झुलता कोमल गंधार तर पेटीच्या कुठल्याच पट्टीवर सापडत नाही, पण त्याला अजून अवकाश आहे. सध्या भूप राग भरपूर झाला: सा रे ग प ध. त्यात गंधारावर सारखं येऊन थांबायचं असतं.