डोकं चालतं, हात चालत नाही

दापोलीत पाऊस लागला की माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एक प्रश्न हमखास येतो. मुलाच्या प्रवेशाचं विचारायला आलेली आई किंवा बाप, सगळं बोलून झाल्यावर, उठताना खुर्चीची पाठ धरून घुटमळतात. मग सहज सुचल्यासारखं विचारतात, "आणि मॅडम, आमच्यासारख्यांनी आता परत शिकायचं म्हटलं तर? झेपतं का ओ?"

"झेपतं की" एवढं म्हणायला काही लागत नाही आणि त्याचा उपयोगही काही होत नाही. म्हणून एका ताईंची हकिकत सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव घेत नाही आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत.

वय 39. हर्णै बंदरात आणि आजूबाजूच्या वाड्यांत फिरून एका पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची थोडीथोडी ठेव, गोळा करतात. नवरा लाँचवर खलाशी. घरात सासूबाई, बारावीतला मुलगा, सातवीतली मुलगी. स्वतःचं शिक्षण बारावी कॉमर्स, 2003 साली, आणि त्याच मे महिन्यात निकालाच्या आधी लग्न. पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली तेव्हा यांनी विचारलं, तर पदवी हवी म्हणून सांगितलं. सतरा वर्षं पावसापाण्यात दारोदार फिरून पैसे आणून दिले, कधी रुपयाचा फरक आला नाही, आणि आता तेविशीच्या मुलाला टेबल मिळालं. राग त्याचा होता. पण माझ्यासमोर बसल्यावर तो राग त्यांनी स्वतःवरच काढला. "डोकंच उरलं नाही मॅडम. वाचायला घेतलं की झोप येते. आता काय ह्या वयात!"

मी विचारलं, काल संध्याकाळी बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी किती जमले?

"अकरा हजार तीनशे चाळीस." पावतीच्या मशीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "त्यात दोघींनी तीन-तीन दिवसांचे एकदम दिले. आणि पन्नासची एक नोट फाटकी निघाली, ती कुणाची ते मला ठाऊक आहे, आज परत करायची."

डोकं नाही म्हणणाऱ्या बाईचं हे डोकं! मी ते बोलूनही दाखवलं. त्या हसल्या, पण पटलं नाही. मग मी आमच्या धंद्यातली जुनी चूक केली, थोरामोठ्यांचं उदाहरण दिलं. हर्णैच्या शेजारीच मुरूड, महर्षी कर्व्यांचं गाव. 1875 साली परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून कुंभार्ली घाट चढून साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि तिथल्या साहेबाने चण बघूनच, हा सतराचा नाही, म्हणून परत पाठवला. म्हटलं बघा, वय त्यांनाही आडवं आलं होतं, फक्त उलट बाजूनं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "ते कर्वे होते मॅडम. आणि घरी येऊन त्यांना भाकऱ्या थापायच्या नव्हत्या."

तेव्हापासून मी उदाहरणं देणं बंद केलंय.

कॉलेज कुठलं, हा प्रश्न तुलनेने सोपा होता. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली अशाच लोकांसाठी निघालं. पुस्तकं मराठीत, तास सुट्टीच्या दिवशी, जवळच्या अभ्यासकेंद्रात, वयाची वरची अट नाही. बारावी झालेली असल्यामुळे बी.कॉम.ला थेट प्रवेश. "पण ही डिग्री खरी धरतात का?" हेही सगळेच विचारतात. मान्यताप्राप्त संस्थेची, मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलंय. प्रवेश घेण्याआधी आपला अभ्यासक्रम त्या वर्षीच्या मान्यता यादीत आहे की नाही, एवढं मात्र स्वतः बघायचं. मी ताईंना आणखी एक करायला लावलं. पतसंस्थेला लेखी विचारा, ही पदवी चालेल का, आणि उत्तरही लेखी घ्या. त्यांना ते फार अवघड गेलं. ज्यांच्याकडे रोज भरणा करतो त्यांना अर्ज कसा द्यायचा? पण दिला. उत्तर आलं, चालेल.

घोळ झाला तो कागदांचा, आणि तो कुणालाच आधी लक्षात येत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात त्यांच्या घराचे पत्रे उडाले तेव्हा कागदांची पिशवी भिजली होती. बारावीची गुणपत्रिका रेशनकार्डाच्या झेरॉक्सला चिकटून सुकली होती. सोडवायला गेलं की अक्षरं दुसऱ्या कागदावर उमटायची. मंडळाकडे अर्ज करून दुय्यम प्रत मागवावी लागली. ती आली तर पुढचं निघालं. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आता मुक्त शिक्षणाच्या प्रवेशाला एबीसी आयडी (श्रेयांकांच्या खात्याचा) आणि डेब आयडी (आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा) काढावे लागतात, तिथे नावं जुळत नसली की गाडी अडते. विवाह नोंदणीचा दाखला हवा, आणि लग्नाची नोंद यांनी कधी केलीच नव्हती. ग्रामपंचायत, साक्षीदार, लग्नाची पत्रिका शोधणं, लग्नातला फोटो शोधणं... पाच आठवडे गेले. म्हणून आता जो कोणी "शिकू का" विचारतो त्याला मी आधी म्हणते, कागद घेऊन या, मग बोलू.

त्या दुय्यम प्रतीवरचं आपलं नाव ताईंनी माझ्या खोलीत मोठ्यानं वाचलं. वडिलांच्या नावासकट. मग प्रत उलटी करून टेबलावर ठेवली आणि पाणी मागितलं.

प्रवेश झाला. मी वेळापत्रक करून दिलं, पहाटे साडेचार ते सहा. तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा पुस्तकाची पानं नवी कोरी. उठत होत्या, वाचत होत्या, समजतही होतं म्हणाल्या. "मग अडतंय कुठं?" सांगता येईना. मला वाटलं भीती असेल, घरचं काही असेल, जुन्या अपयशाचा सल असेल. शिकवलेलं तसंच होतं मला. खूप खोदून पाहिलं. काही हाती लागलं नाही. शेवटी कंटाळून मी एक फुलस्केप पुढे केला. म्हटलं, पिग्मी खातं म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे तेवढं लिहा.

पहिल्या दोन ओळी सुरेख आल्या. तिसऱ्या ओळीपासून अक्षर वर चढायला लागलं. पाचवीला त्यांनी पेन खाली ठेवलं, हात झटकला, परत उचललं. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं होतं, इतकं दाबून धरलं होतं पेन. "ठेव" हा शब्द रोज शंभरदा तोंडात असणाऱ्या बाईने तो लिहिताना थांबून विचार केला. अर्धं पान व्हायला अकरा मिनिटं लागली. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डोकं चालतं मॅडम. हात चालत नाही."

वीस वर्षं ह्या हातानं आकडे आणि सही यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. आधी पासबुकात आकडे तरी भरायचे, आता मशीन पावती काढतं. घरच्या याद्या तोंडी, निरोप मोबाईलवर बोलून. तीन तासांच्या पेपरला बसायचं म्हणजे काय, हे त्यांच्या हाताला कळलं होतं. डोक्याला त्याचं नाव सापडत नव्हतं, म्हणून ते वयावर खापर फोडत होतं. त्यानंतर मी कामकरी माणसांना पहिल्याच भेटीत एक पान लिहायला लावते. दहातल्या सात-आठ जणांचं तिथंच अडलेलं असतं. (त्यात मीही आले. एकदा स्वतः दोन पानं लिहून पाहिली, दुसऱ्या पानावर माझंही मनगट भरून आलं.)

इलाज अगदीच साधा होता. शंभर पानी वही. रोज दहा मिनिटं, घड्याळ लावून, पुस्तक मिटून. पहिले पंधरा दिवस अभ्यासाचं काही नाही, जे पाठ आहे तेच लिहायचं. लिलाव कसा होतो. खातेदार पैसे द्यायला टाळाटाळ करतो तेव्हा त्याला काय बोलायचं. मग हळूहळू धड्यातलं, वाचून झाल्यावर न बघता. न बघता लिहिलं की काय येतं आणि काय नुसतंच ओळखीचं वाटतं, हे लगेच उघडं पडतं. तोच धडा पाचदा वाचण्यापेक्षा हे केव्हाही बरं. बसायला मुलाचं टेबल, कारण मांडीवर वही घेऊन लिहिलं की खांदा आधी दुखतो. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची.

मधे मुलगी तापाने पडली, नऊ दिवस वही बंद. मला वाटलं, आता सोडणार. फोन केला तर म्हणतात कशा, "पिग्मी थांबली म्हणून खातं बंद करतो का आपण? परवापासून परत चालू केलंय." हे मी सुचवलं असतं तर पुस्तकी वाटलं असतं.

घरचं मात्र एवढं सरळ नव्हतं. नवरा पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "तुला कोण अडवतंय? शीक की." सासूबाईही नाही म्हणाल्या नाहीत. हा प्रकार मी फार बघते. परवानगी उदंड, वेळ शून्य. म्हणून त्यांना विचारलं, तुमच्या हातातलं नक्की कुठलं काम उद्यापासून दुसऱ्याच्या हातात जाणार? एकच सांगा. तासभर विचार करून त्यांनी रात्रीच्या भाकऱ्या निवडल्या. रात्री फक्त भात, आणि तो कुकरला मुलगा लावणार. सासूबाई चार दिवस अर्ध्या जेवणावर उठल्या. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःपुरती एक भाकरी थापून घेतली आणि घरातला तो विषय मिटला. ताईंना रोज चाळीस मिनिटं मिळाली.

मुलाची अडचण वेगळी. अभ्यासकेंद्र त्याच्याच कॉलेजात. "माझे सर तुला शिकवणार? पोरं काय म्हणतील?" यावर मी काही केलं नाही. सोळा-सतराव्या वर्षी आईची लाज वाटणं हे त्या वयाचंच काम आहे, त्यात समुपदेशकाने हात घालू नये. त्यानेच तोड काढली. "तू रविवारी येतेस, तेव्हा कोण नसतं. फक्त बाईकवरून गेटपर्यंत सोडायला नको सांगू." पुढे पुढे तो गेटपर्यंत येऊ लागला, असं ताई म्हणाल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही.

आणि एक. पहाटेचं वेळापत्रक मी दिलं होतं ते मुळातच चुकीचं होतं. कोकणातल्या माणसाला दिवसाचं वेळापत्रक देऊन भागत नाही, वर्षाचं द्यावं लागतं. शिमग्यात आठ-दहा दिवस कुणी पुस्तक उघडणार नाही. गणपतीच्या आधीचा आठवडा साफसफाईचा आणि नंतरचा पाहुण्यांचा. मे महिन्यात मुंबईकर घरी, आंबा, लग्नं. हे सगळं होणारच, मग ते आधीच कॅलेंडरवर खोडून टाकलेलं बरं, म्हणजे त्या दिवसांत अभ्यास झाला नाही म्हणून अपराधी वाटत नाही. उलट 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, लिलाव नाही, पिग्मी निम्म्यावर, नवरा घरी. सगळ्या गावाला जे दोन महिने तंगीचे, ते ताईंना अभ्यासाचे. अकाउंट्ससारखा जड विषय त्यांनी त्यात घेतला. शेती असलेल्यांचं गणित याच्या नेमकं उलटं, त्यांना जून-जुलैत लावणीतून मान वर काढता येत नाही.

सगळ्यांना मी हो म्हणत नाही, हेही सांगायला हवं. एसटीतले एक वाहक आले होते. खोदून विचारल्यावर कळलं, साडू पदवीधर आहे आणि सासुरवाडीत तेच ऐकून घ्यावं लागतं. घराचे हप्ते चालू, डबल ड्युट्या. त्यांना म्हटलं, दोन वर्षं थांबा, साडू कुठे जात नाही. ते रागावून गेले. आलेच तर बघू.

ताईंचा पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा इंग्रजी राहिलं. बाकी विषय सुटले. कारकुनाची जागा अर्थात कधीच भरून गेली होती. पुढची कधी निघेल याचा पतसंस्थेत कुणालाच पत्ता नाही. पण निकालाच्या खूप आधी, पहिला पेपर झाला त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. मागे बंदरावर लिलावाचा कल्ला, कुणीतरी बांगड्याच्या टोपलीचा भाव ओरडत होतं, निम्मं ऐकू येत नव्हतं. पेपर कसा गेला विचारलं, तर ते त्यांनी सांगितलंच नाही.

"सतरा पानं, मॅडम," त्या ओरडून म्हणाल्या. "सतरा पानं लिवली! थांबा, गिऱ्हाईक आलं..."