कागद कधी पूर्ण होणार, ताई?

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, आता एडिसन, न्यू जर्सीला. दोघंही अमेरिकन सिटिझन, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांच्या) कार्डवाले. दत्तकासाठी रजिस्टर करून तीन वर्षं होत आली. होम स्टडी, म्हणजे घरी येऊन केलेली चौकशी, झाली, आय-८००ए हा परदेशातून मूल दत्तक घ्यायचा अमेरिकन अर्ज मंजूर झाला, मग ओडिशातल्या एका संस्थेतली साडेतीन वर्षांची मुलगी रेफर झाली. एका कानाने तिला कमी ऐकू येतं. आम्ही फोटो बघितला आणि त्याच रात्री हो म्हणून टाकलं. त्याला आता अकरा महिने झाले. एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आली पण तिथून पुढे फाइल कलेक्टर ऑफिसला जाऊन बसलीये. मध्येच आमच्या फिंगरप्रिंटची मुदत संपत आली म्हणून परत ठसे देऊन आलो, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मॅरेज सर्टिफिकेटवर माझं माहेरचं नाव आहे आणि पासपोर्टवर सासरचं, आणि नवऱ्याच्या नावात एका कागदावर वडिलांचं नाव आहे, दुसऱ्यावर नाही. तिच्यासाठी घेतलेले फ्रॉक आता तिला होणार पण नाहीत. रोज सकाळी उठले की आधी दत्तकाचं पोर्टल उघडते. सगळे म्हणतात पेशन्स ठेव. म्हणजे नक्की काय करू?

उत्तर : अगं, हे पेशन्स ठेव मी स्वतः बावीस वर्षं लोकांना ऐकवलंय, दत्तक संस्थेत टेबलाच्या पलीकडे बसून, त्यामुळे तुझं पत्र वाचताना जरा ओशाळल्यासारखंच झालं. एकदा एका जोडप्याला मी पाच आठवडे हेच सांगत होते, आणि शेवटी कळलं काय, तर बाळाच्या माहितीच्या, म्हणजे चाइल्ड स्टडी रिपोर्टवर जन्मतारीख १७ आणि मेडिकलवर ११. माझ्याच हाताने लिहिलेला सात, तो नीट वळला नव्हता. कुणी मुद्दाम काही केलेलं नव्हतं. ते दोघं मात्र पाच आठवडे देवाला नवस बोलत बसले होते आणि त्यांना लागत होतं एक दुरुस्तीचं पत्र.

म्हणून पहिलं काम, पोर्टल रोज उघडणं बंद कर. त्याऐवजी एक वही घे, त्यात दोनच रकाने कर, आपल्या हातातलं आणि त्यांच्या हातातलं. नावाची भानगड तुमच्या हातातली आहे. आपल्या मराठी लोकांचं हे ठरलेलं दुखणं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, लग्नानंतर आडनावासकट सगळंच बदललेलं, आणि परदेशी फॉर्मला ते कळत नाही. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं अ‍ॅफिडेव्हिट दोघांचं करून टाका, नोटरी आणि वर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का; नोटरी न्यू जर्सीचा असेल तर अपॉस्टिलही न्यू जर्सीचंच लागेल. दोन-तीन जास्तीच्या प्रती करून ठेवा, अजून कुठेतरी मागतीलच. आय-८००ए ची मंजुरी १५ महिन्यांची असते, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिही आणि वाढवून घ्यायची तर संपायच्या बऱ्याच आधी अर्ज टाक, शेवटच्या आठवड्यात नको.

आता त्यांच्या हातातलं. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाची ऑर्डर कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, आणि दोन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात लिहिलंय. पण कलेक्टर म्हणजे इलेक्शन, पूर, व्हीआयपी दौरा सगळं त्यांच्याच गळ्यात, तुमची फाइल त्यातलीच एक. दोन महिने उलटून गेले असतील तर तुमच्या एजन्सीने काराला, म्हणजे दत्तकाच्या केंद्रीय प्राधिकरणाला, लेखी विचारायचं, फोनवर नाही, लेखी, आणि दर पंधरा दिवसांनी. तू स्वतः संस्थेतल्या सोशल वर्करला रोज व्हॉट्सअ‍ॅप करू नकोस. ती बिचारी एका हाताने बाळाला औषध पाजत असते.

एवढे कागद कशाला, असं पत्रात लिहिलं नाहीस पण मनात असणारच. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिलं, परदेशात दत्तक म्हणून पाठवल्या जाणाऱ्या मुलांचं काय होतंय ते बघा म्हणून. कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं, १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला आणि नियम घालून दिले, त्यातून पुढे १९९० मध्ये कारा आली, २००३ मध्ये भारताने दत्तकाचा आंतरराष्ट्रीय हेग करार मान्य केला. त्याआधी एखाद्या मुलाची खरी आई जिवंत आहे का, तिने खरंच मूल सोडलंय का, हे नीट न बघताही मुलं विमानात बसायची. तुझ्या फाइलमधला प्रत्येक कंटाळवाणा कागद असल्या कुठल्यातरी मुलामुळे आलाय. हे वाचून वेळ लवकर जाईल असं नाही म्हणत मी, राग थोडा कमी होईल.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नाही का? एनओसी आलीये ना तुमच्याकडे? मग ऑर्डर यायच्या आधी मुलीला प्री-अ‍ॅडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तकाआधी तात्पुरतं सांभाळायला, घेता येतं, हमीपत्र देऊन. भारताबाहेर नेता येत नाही, पण भारतात ती तुमच्याजवळ राहू शकते. नोकरीतून दोघांना एकदम निघता येणार नाही हे कळतं, पण एकाला तरी? भुवनेश्वरला भाड्याची खोली घेऊन राहिलेली जोडपी मी बघितलीयेत. एजन्सीला आजच विचार. थांबायचंच आहे तर एडिसनच्या किचनमध्ये फोन हातात घेऊन थांबण्यापेक्षा तिच्या शेजारी बसून थांब ना.

जाणार असशील तर थोडी ओडिया शीक. पाणीला पाणीच म्हणतात, भाताला भातच, तिथे अडणार नाही. पण भुकेला म्हणतात भोक. ती म्हणणार 'मोते भोक लागुछि' आणि तुम्ही तिच्या फ्रॉकला कुठे भोक पडलंय ते शोधत बसणार! कमी ऐकणाऱ्या मुलाला आधीच अर्धे शब्द ओठांवरून ओळखायची सवय असते, त्यात एका दिवसात भाषा बदलली तर ते गप्पच होऊन जातं, मी बघितलंय. पंचवीस-तीस शब्द पुरेत. संस्थेतल्या मावश्यांकडून तिचं झोपायचं गाणं रेकॉर्ड करून मागव, आणि कानाचा बेरा टेस्टचा, म्हणजे ऐकू किती येतं ते बघणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आत्ताच एडिसनच्या डॉक्टरला दाखवून ठेव.

ऑर्डरनंतरही लगेच नाचू नकोस हां. जन्मदाखला, पासपोर्ट, दत्तक हेग करारानुसार झालं असं काराचं कन्फॉर्मिटी सर्टिफिकेट, मेडिकल, दिल्लीहून व्हिसा. मग अमेरिकेत पाऊल ठेवलं की ती तिथली नागरिक. आणि त्यानंतर दोन वर्षं ती कशी आहे याचे रिपोर्ट, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा. ती वही टाकून देऊ नकोस म्हणून आत्ताच सांगतेय.

प्रश्न : माझा मुलगा-सून पुण्यात असतात. बाळासाठी नाव नोंदवून सव्वादोन वर्षं झाली, अजून नंबर नाही. आमच्या सांगलीतल्या ओळखीच्या एक बाई म्हणतात की एका हॉस्पिटलमधून थेट बाळ मिळतं, चार पैसे जास्त जातील पण कागदांची कटकट नाही. मी सहा स्वेटर विणून ठेवलेत हो. काय करावं?

उत्तर : आजी, त्या बाईंना परत घरात घेऊ नका. याला दत्तक म्हणत नाहीत, मूल विकत घेणं म्हणतात, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड आहे, हॉस्पिटलचा माणूस सामील असेल तर त्याला कमीत कमी तीन आणि सात वर्षांपर्यंत. वरून ते मूल कधीच कायद्याने तुमच्या मुलाचं होणार नाही, उद्या शाळेच्या दाखल्यापासून अडेल, आणि पोलीस दारात आले तर बाळ उचलून नेतील, मग तुमच्या सुनेचं काय होईल ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. शक्य असेल तर चाइल्ड हेल्पलाइनला, १०९८ वर, त्या हॉस्पिटलबद्दल कळवाही.

दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी आपल्याकडे तीन-साडेतीन वर्षं सहज जातात, तुमचं काही चुकलेलं नाही. मुला-सुनेने वयोगट थोडा वाढवायची तयारी असेल तर त्यावर बोलावं, पण तो निर्णय त्यांचा, तुम्ही विषय काढू नका. आणि सहाही स्वेटर एकाच मापाचे असतील तर तीन उसवा, दोन वर्षांच्या मापाचा एक आणि चार वर्षांच्या मापाचा एक करून ठेवा, लोकर उरली तर टोपडं.